तिन्हीसांजेचा फ्लॅश

गोरज मुहूर्त काढून गुरुजी मोकळे होतात. त्याची खरी झळ लागते ती फोटोग्राफरला. दिवस बुडालेला, पश्चिमेला थोडं केशरी शिल्लक, मांडवात पिवळे बल्ब लागलेले, आणि या दोन उजेडांच्या मधोमध हळदीनं तुकतुकीत झालेला नवरीचा चेहरा. डोळ्यांना हे सगळं एकदम दिसतं. कॅमेऱ्याला दिसत नाही. आकाश धरावं तर नवरी काळवंडते, नवरीला धरावं तर आकाश पांढरंफटक. म्हणून फ्लॅश काढायचा. आणि बहुतेक अल्बमांत तो असा मारलेला असतो की संध्याकाळच मरते. मागे मिट्ट काळोख, पुढे भुरके चेहरे, दागिन्यांवर चकाकी. लग्न सातला लागलं की रात्री अकराला, कळायला मार्ग नाही.

खरं तर फ्लॅश लावला की एका फोटोत दोन फोटो निघत असतात. फ्लॅशचा फोटो सेकंदाच्या हजाराव्या भागात, कधी त्याहूनही आधी उरकलेला असतो. शटर १/२०० ला मिटलं काय आणि १/३० ला मिटलं काय, त्याला सोयरसुतक नाही. दुसरा फोटो संध्याकाळचा. तो शटर उघडं असेपर्यंत सावकाश झिरपत राहतो. त्यामुळे शटरचं चाक फिरवलं की बदलतं ते आकाश. चेहरा जवळजवळ तसाच राहतो. फ्लॅशची ताकद कमीजास्त केली की उलट. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ दोघांनाही हलवतात, म्हणून ती एकदा ठरवली की मी त्यांना सहसा हात लावत नाही.

आधी फ्लॅश बंद ठेवूनच एक फोटो घ्यावा. आकाश डोळ्यांना दिसतंय त्याहून किंचित गडद येऊ द्यावं. चेहरा अंधारात जातो, जाऊ दे. मग फ्लॅश चालू करायचा, पूर्ण ताकदीच्या १/३२ वर, मग १/१६ वर. चेहरा हळूहळू वर येतो. थांबायचं कुठे? नथीची सावली ओठांवर अजून दिसतेय तोवर. ती पुसली गेली की चेहऱ्याची गोलाई गेलीच. तोवर आकाश मात्र कोणासाठी थांबत नाही. काही मिनिटांत उजेड निम्म्यावर येतो. मग शटर १/१२५ वरून १/६०, तिथून १/३०. इथे एक गंमत होते. मुंडावळ्यांची टोकं सारखी हलत असतात. फ्लॅश त्यांना जागच्या जागी खिळवतो, आणि बल्बच्या उजेडात त्यांचा पुसट पिवळा माग उमटतो. शटर मिटता मिटता फ्लॅश पडेल अशी सोय कॅमेऱ्यात असते. ती लावली की माग टोकांच्या मागे राहतो, पुढे धावत नाही. काहीजणांना हा दोष वाटतो. मला त्या मागाशिवाय लग्नातली धांदल खरी वाटत नाही.

रंगाचं भांडण निराळंच. फ्लॅश साधारण ५५०० केल्विनचा, म्हणजे भर दुपारचा. जुना पिवळा बल्ब २८०० च्या आसपास. नवरी दुपारची आणि वऱ्हाडी रात्रीचे! नाटकवाले दिव्यांवर लावतात तसला नारिंगी जिलेटिनचा तुकडा फ्लॅशवर चिकटवायचा आणि कॅमेराही बल्बच्या हिशेबानं लावायचा. चेहरा आणि मांडव एका रंगात येतात, आणि मागचं उरलंसुरलं आकाश गर्द निळं होतं. मला विचाराल तर अल्बममधला सगळ्यात देखणा रंग हाच.

पण कितीही नाजूकपणे केलं तरी कुणीतरी कानाशी येऊन म्हणतंच, ‘नवरी जरा उजळ येऊ द्या हं.’ आपल्याकडे फ्लॅशचा उपयोग किती वर्षं गोरं करण्यासाठीच झाला! सावळ्या गालावर बाजूनं, छत्रीतून आलेला मऊ उजेड पडला की गालाच्या उंचवट्यावर जी लकाकी येते, ती समोरून मारलेल्या फ्लॅशनं कधी येणार नाही. अंधार हटवायलाच निघालेल्यांची गोष्ट वेगळी. जेकब रीसनं न्यूयॉर्कच्या कोंदट खोल्यांत मॅग्नेशियमची पूड पेटवून फोटो काढले, १८९० साली त्यांचं पुस्तक केलं. त्याला तिथला अंधार जगापुढे उघडा पाडायचा होता. लग्नघरात उघडं पाडण्यासारखं काय असतं?

ग्रुप फोटोबद्दल फार बोलत नाही. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाईवर येतो, म्हणून पहिल्या रांगेतल्या मावश्या पांढऱ्या आणि मागचे काका अंधारात. फ्लॅश लांब आणि उंच न्यावा, झालं.

थोडक्या फ्लॅशचा आणखी एक फायदा आहे. पूर्ण ताकदीनं मारला की पुन्हा भरायला त्याला काही सेकंद लागतात. १/१६ वर तो लगेच तयार असतो. अंतरपाट खाली येतो, अक्षता उडतात, हार पडतात, सगळं त्या काही सेकंदांतच. मी एकामागून एक फोटो घेत राहतो, आणि मागून नवरीची मामी ओरडते, ‘अहो, फ्लॅश पडलाच नाही तुमचा! हार परत घालायला सांगू का?’