कंसातला आकडा

सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून बसलेल्या माणसाला 'इनबॉक्स' या शब्दाशेजारी कंसात १ दिसला, की तास सार्थकी लागायचा. एक म्हणजे एक पत्र, आणि एक पत्र म्हणजे आपली आठवण काढून बसलेला एक माणूस. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं खरं, पण आमच्यासारख्या घरांत तेव्हा नुकता कुठे फोन आला होता. त्यामुळे ई-मेल करायचा तर सायबर कॅफे. प्लायवूडने आखलेले कप्पे, अक्षरं पुसलेला कीबोर्ड, आणि पान वरून खाली एकेक पट्टी उमटत उघडेपर्यंत श्वास रोखून बसणं.

दादा अमेरिकेला गेला होता. त्याने जाण्याआधी आम्हा सगळ्यांना हॉटमेलवर पत्ते काढून दिले होते. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी सुरू केलेली ही सेवा फुकट होती आणि कुठल्याही गावच्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून उघडता यायची. याचं किती अप्रूप होतं ते आज सांगून कळायचं नाही. विमानाच्या निळसर आंतर्देशीयसारख्या पत्राला लागायचे ते आठ-दहा दिवस एकदम नाहीसे झाले. देवनागरीची सोय नव्हती. शिवाजी फॉन्टमध्ये लिहून पाठवलं तर समोरच्याकडे तो फॉन्ट नसायचा आणि पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी दिसायची. म्हणून मराठी रोमन लिपीत लिहायचं. आईला ते वाचता येत नसे, बाबा मोठ्याने वाचून दाखवत. त्यासाठी ते कॅफेवाल्याकडून दादाच्या प्रत्येक मेलचा प्रिंट काढून आणत आणि फायलीला लावत.

प्रिंट काढण्यामागे आणखी एक कारण होतं. हॉटमेलवर जागा मिळायची २ एमबी. आज फोनने काढलेला एक साधा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. दोन-चार चित्रं आली की खातं भरायचं, आणि भरलं की पुढची पत्रं परत जायची. त्यामुळे उठण्यापूर्वी नको ते खोडून टाकायचं, हा नेम होता. दर वेळी काय ठेवायचं आणि काय नाही हे आपण ठरवत होतो. तांदूळ निवडावेत तसं ते काम हातासरशी होऊन जायचं, त्याचा वेगळा ताप वाटत नसे.

त्या काळचा कचराही बहुतेक ओळखीच्यांकडून यायचा. संतोषीमातेच्या किंवा तिरुपतीच्या नावाने पोस्टकार्डं येत ते आमच्या पिढीने पाहिलंय: हा मजकूर अकरा जणांना लिहून पाठवा, पाठवलात तर लाभ, फाडलंत तर हानी. तीच पोस्टकार्डं ई-मेलमध्ये शिरली. फक्त आता हाताने अकरा वेळा लिहायचे कष्टही उरले नव्हते. बिल गेट्स प्रत्येक फॉरवर्डमागे पैसे देणार आहेत, ही वार्ता तर कितीतरी वर्षं फिरत होती. मावशीपासून बाबांच्या ऑफिसातल्या मित्रांपर्यंत सगळ्यांनी ती एकमेकांना पाठवली, आणि पाठवताना आपली अख्खी पत्त्यांची वही 'टू'च्या ओळीत उघडी टाकली. एकेका मेलच्या डोक्यावर शंभर-दीडशे पत्ते. ज्यांना पत्ते गोळा करून विकायचे होते त्यांना आणखी काय हवं होतं? मग अनोळखी माणसं आली. मयत सेनाधिकाऱ्याची पत्नी, न काढलेल्या तिकिटाला लागलेली लॉटरी, स्वस्त औषधं, स्वस्त पदव्या.

जुन्या इनबॉक्सविषयी बोलताना आपण हा काळ गाळतो, म्हणून मुद्दाम आठवण करून देते. ते निर्मळ दिवस फार थोडे होते. नको असलेला जाहिरातीचा ई-मेल तर इंटरनेटहून जुना. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क या विक्रेत्याने आपल्या कंपनीच्या कॉम्प्युटरची जाहिरात अर्पानेट या इंटरनेटपूर्व जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना एकाच वेळी पाठवली आणि लोक तेव्हाही संतापले होते. २००३ च्या सुमारास जगभरच्या ई-मेलपैकी निम्म्याहून अधिक कचराच आहे, असे अंदाज येऊ लागले. जानेवारी २००४ मध्ये दाव्होसला बिल गेट्स यांनी दोन वर्षांत हा प्रश्न सुटेल असं सांगितलं. तो सुटला नाही. पण पुष्कळ आटोक्यात आला, आणि ज्यांनी तो आटोक्यात आणला त्यांचे आभार आपण कधी मानले नाहीत. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने लिहिलेल्या एका लेखाने या कामाला मोठी गती दिली. त्यांचं म्हणणं असं, की नियम लिहीत बसण्यापेक्षा यंत्राला तुमची हवीशी आणि नकोशी पत्रं दाखवा. कुठला शब्द कुठल्या ढिगात किती वेळा येतो हे मोजून ते नव्या पत्राची शक्यता स्वतः काढेल. आज स्पॅमच्या पेटीत जे परस्पर जाऊन पडतं, त्यामागे ही कल्पना आणि तिच्यावर रचलेली वीसेक वर्षांची मेहनत आहे.

मग १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आलं. १ जीबी जागा, म्हणजे आमच्या हॉटमेलच्या पाचशेपट! आमंत्रणाशिवाय खातं मिळत नसे, आणि आमंत्रण मिळवण्यासाठी लोक ओळखी काढत. आता काही खोडायची गरजच नाही, हे त्याचं मोठं आकर्षण होतं. माझ्या मते आजच्या त्रासाचं मूळ तिथे आहे. चोरांना अडवायला स्पॅमची गाळणी होती, पण आपली निवडायची सवय त्या मोठ्या जागेने मोडली. आणि ती मोडल्यावर जो कचरा आला तो अनोळखी माणसांचा नव्हता. कपड्यांचं दुकान, रक्त तपासणारी लॅब, एकदा तिकीट काढलेली बस, कधीतरी चौकशी केलेला फ्लॅट, विमा, शाळेचं अ‍ॅप. या प्रत्येकाला पत्ता आपण दिला होता. त्यामुळे गाळणी त्यांना सहजी अडवत नाही. कंसातला आकडा चार अंकी होतो आणि त्यात माणसाने लिहिलेलं पत्र कुठे बुडालं ते कळत नाही.

बाबांचा इनबॉक्स मी साफ करायला घेतला तेव्हा हे फार लागलं. त्यांच्या पिढीला पत्र आलं की वाचायचं, आणि जमल्यास उत्तर द्यायचं, एवढंच ठाऊक. पलंगाच्या गाद्यांच्या जाहिरातीला त्यांनी 'सध्या गरज नाही, धन्यवाद' असं उत्तर पाठवलेलं मला सापडलं.

"बाबा, हे कुणी बसून लिहिलेलं नाही हो."

"अगं, माझ्या नावाने लिहिलंय की. 'आदरणीय' म्हटलंय."

या सौजन्याचा फायदा घेणारा उद्योग मला सहन होत नाही. म्हणून हे काम मी आता नेमाने करते, त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही. ते करताना काही गोष्टी लक्षात आल्या. इनबॉक्सच्या शोधपट्टीत 'अनसबस्क्राइब' हा शब्द इंग्रजीत टाकला, की जाहिरातींची सगळी बिऱ्हाडं एका जागी गोळा होतात. ज्या दुकानाशी, कंपनीशी आपला खरोखर व्यवहार झाला होता त्यांच्या मेलमध्ये अनसबस्क्राइब दाबावं. पाठवणारा अनोळखी असेल तर मात्र त्याच्या पत्रातल्या कुठल्याही दुव्याला हात लावू नये, कारण दाबल्याने त्याला एवढंच कळतं की हा पत्ता जिवंत आहे. तिथे 'रिपोर्ट स्पॅम'.

या बटणाला आता वजन आलं आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांवर अटी घातल्या. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्याने आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करायची, जाहिरातीच्या मेलमधून एका टिचकीत बाहेर पडायची सोय द्यायची, विनंती दोन दिवसांत मानायची आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायचं. हजारात तीन! म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या मूठभरांनी तक्रार केली तरी मोठ्या कंपनीची सगळी टपाल अडू शकते. 'माझ्या एकट्याच्या दाबण्याने काय होणार' असं म्हणून गप्प राहणाऱ्यांना मी हा आकडा आवर्जून सांगते.

कायद्याची मदत आपल्याकडे अजून तोकडी आहे. फोन आणि एसएमएससाठी १९०९ या क्रमांकावर 'जाहिराती नकोत' अशी नोंद करता येते, ई-मेलसाठी तशी यादी नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मात्र एक न्याय्य तत्त्व मांडलं आहे: संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. त्याच वर्षी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना कळवलं, की बिलासाठी ग्राहकाच्या मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका. मी ई-मेललाही तोच न्याय लावते. काउंटरवरच्या मुलीला "नको गं, कागदी बिल दे" म्हटलं की ती देते. तिलाही वरून सांगितलेलं असतं, तिच्यावर चिडण्यात अर्थ नाही.

जिथे पत्ता द्यावाच लागतो तिथे दुसरा द्यावा. माणसांसाठी एक खातं आणि बाजारासाठी एक, हे सगळ्यात गुणकारी. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह आणि कुठलाही शब्द जोडला तरी मेल आपल्याकडेच येतो, त्यामुळे कुठल्या दुकानाने पत्ता पुढे विकला तेही उघडं पडतं. चित्रं आपोआप दिसू नयेत अशी सेटिंग करून ठेवावी. जाहिरातीत डोळ्यांना न दिसणारं एका ठिपक्याचं चित्र असतं आणि ते उघडलं की तुम्ही मेल वाचल्याची वर्दी तिकडे पोचते. बँकेच्या नावाने आलेल्या मेलचं मात्र वेगळं. तिथे घाईने काहीही दाबायचं नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना 'डॉट बँक डॉट इन'ने संपणाऱ्या संकेतस्थळांवर जायला सांगितलं, तेव्हा पत्त्याची शेपटी पाहायची सवय बाबांना लावली आहे. त्यांनी ती वहीत लिहून घेतली.

एक काळजी मात्र घ्या. जागा भरल्याचा इशारा आला, की लोक सगळं एकदम निवडून खोडून टाकतात. तसं करू नका. गेल्या वीस वर्षांतली खरी पत्रंही त्याच ढिगात आहेत. आधी माणसांच्या नावांनी शोधा: भावाचं, मैत्रिणीचं, आता नसलेल्या काकांचं. त्यांना 'घर' असं लेबल लावा. बाबांच्या खात्यात दादाची २००६ पासूनची पत्रं अशी बाजूला काढली, आणि मगच बाकीच्याला हात घातला. गाद्यांची कंपनी सगळ्यात आधी गेली.