नाव लिहिण्याआधी कान द्या

देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही. 'क' मालकाच्या नावात आला काय नि हमालाच्या नावात आला काय, त्याची उंची तेवढीच राहते. त्यामुळे कंपन्यांची नावं लिहिताना इंग्रजीवाल्यांची अर्धी डोकेदुखी आपल्या वाट्याला येत नाही. आयफोनचा 'आय' लहान आणि त्यापुढचा 'पी' मोठा, आदिदासच्या चिन्हात तर सगळीच अक्षरं लहान. मग वाक्याच्या सुरुवातीला ही नावं आली तर काय करायचं, यासाठी इंग्रजी वर्तमानपत्रांना नियम करावे लागतात. आपण 'आयफोन', 'आदिदास' लिहितो आणि पुढे जातो.

उरलेली अर्धी डोकेदुखी मात्र आपलीच आहे, आणि ती उच्चाराची आहे.

आमच्या पट्ट्यातलंच उदाहरण घ्या. अंबरनाथ हे गावाचं नाव इंग्रजीत कधी 'ए'ने लिहितात, कधी 'ई'ने. मराठीत ते एकच. बदलापूरचा 'पू' मराठीत दीर्घ, हिंदीत ऱ्हस्व. अंबरनाथ पश्चिमेला विमको नाका आहे. १९२० च्या दशकात स्वीडिश भांडवलावर इथे काडेपेट्यांचा कारखाना उभा राहिला, 'वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी'. तिच्या आद्याक्षरांतून 'विमको' हे नाव झालं. आज इंग्रजी पत्त्यांत हा नाका कोणी डब्ल्यूने लिहितो, कोणी व्हीने. व्हीने लिहिणाऱ्याने मूळ नाव कधी पाहिलेलं नसतं. रिक्षावाल्याच्या तोंडून ऐकलेलं 'विमको' त्याने परत इंग्रजीत नेलेलं असतं. गंमत म्हणजे पत्ता तरीही सापडतो, कारण रिक्षावाला स्पेलिंग विचारत नाही.

आद्याक्षरांतून झालेली आणखी दोन नावं सगळ्यांच्या ओळखीची आहेत. १९३५ साली ख्वाजा अब्दुल हमीद यांनी मुंबईत 'केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज' काढली, ती सिप्ला. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजींनी खानदेशात अमळनेरला 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही वनस्पती तुपाची कंपनी काढली, ती पुढे विप्रो झाली. इथे मराठीचा नियम सरळ आहे. अक्षरं जोडून एक शब्द म्हणून बोलतात ते नाव शब्दासारखं लिहायचं : विमको, सिप्ला, विप्रो. एकेक अक्षर सुटं म्हणतात ते तसंच, पण सलग : एलआयसी, एचडीएफसी. मधे टिंबं देत बसायची गरज नाही.

मग उच्चार कोणाचा धरायचा? माझं उत्तर असं की, कंपनी आपल्या मुलखात स्वतःचं नाव जसं सांगते तो. 'बाटा'चंच पाहा. १८९४ साली झ्लिन गावात ही कंपनी सुरू करणाऱ्या तोमाश यांच्या चेक आडनावाचा उच्चार 'बात्या'च्या जवळ जातो. पण भारतात कंपनीच स्वतःला बाटा म्हणवते, तेव्हा आपणही बाटाच लिहावं. तिथे विद्वत्ता दाखवून 'बात्या' लिहिणाऱ्याला चप्पल कुठून मिळणार?

हा प्रश्न आता पाट्यांमुळे रस्त्यावर आला आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली आणि लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी बंधनकारक झाली. मराठी नाव आधी हवं, आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. व्यापारी संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने दुकानदारांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. कल्याण-बदलापूर रस्त्याने जाताना मोठमोठे ब्रँड आता देवनागरीत दिसतात, ही आनंदाचीच गोष्ट. पण देवनागरी म्हटलं की मराठी झालंच असं नाही. हिंदीत 'बैंक', 'मैक्स' आणि 'रिलायंस' बरोबर आहे. मराठीत 'बँक', 'मॅक्स' आणि 'रिलायन्स'. मराठी वाचक 'मैक्स'मधला 'मै' 'मैदान'सारखा वाचणार. चंद्रकोर देऊन हा आवाज दाखवायची सोय मराठीने मुद्दाम केली आहे. 'ॲपल'मधल्या 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. मिळालेली सोय वापरायला काय हरकत आहे?

आता उल्हासनगरविषयी. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणीत आले आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. हात रिकामे होते, म्हणून लोकांनी पापडापासून जीन्सपर्यंत सगळं बनवायला घेतलं. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद मुंबईभर ऐकायला मिळतो. तो सांगणारेच लग्नसराईत गजानन मार्केटला कपडे घ्यायला येतात आणि फर्निचरही इथूनच नेतात. तेव्हा विनोद बाजूला ठेवू. पण त्यात एक खरी गोष्ट दडली आहे. नावातलं एक अक्षर बदललं की एका कंपनीचा माल दुसरीच्या नावावर खपू शकतो, आणि हे जगातल्या कुठल्याही बाजारात होतं.

कायदा हे ओळखतो, आणि तो स्पेलिंगवर थांबत नाही, कानालाही विचारतो. रूह अफजाचा खटला आपल्या वाचकांना आठवत असेल. हमदर्दचं हे सरबत रमजानमध्ये बहुतेक घरांत असतं. 'दिल अफजा' नावाचं दुसरं सरबत बाजारात आलं, तेव्हा हमदर्द न्यायालयात गेली. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 'दिल अफजा'ला मनाई केली. रूह आणि दिल यांत एकही अक्षर सारखं नाही. तरी ग्राहकाच्या मनात दोन्ही जवळ-जवळ ठेवलेले असतात, हे खंडपीठाने धरलं.

औषधांच्या बाबतीत तर हा जिवाचा प्रश्न होतो. मलेरियावरच्या 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या दोन औषधांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. औषधांची नावं जुळणारी असतील तर कसोटी अधिक कडक लावा, असं न्यायालयाने २००१ मध्ये सांगितलं. २०१६ पासून डॉक्टरांसाठीही नियम आहे की, औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. कॅपिटल अक्षरं मला तिथे सर्वांत जास्त पटतात. म्हणून बदलापूरच्या मेडिकलवाल्याला व्हॉट्सॲपवर गोळीचं नाव मराठीत टाइप करून पाठवू नका, स्ट्रिपचा फोटो पाठवा. करारात, बिलावर, चेकवरही नोंदणीत असलेलं नावच अक्षर न अक्षर उतरवा. लेखात, बातमीत, पत्रात मात्र कान पुरेसा आहे.

रूह अफजात मी नुक्ता दिला नाही, हे काहींना खटकलं असेल. मला त्याची गरज वाटत नाही. मराठीतल्या 'ज'ला दोन आवाज आहेत, 'जीव'मधला एक आणि 'जोर'मधला दुसरा. बाजार, जोर, गरज हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि या दुसऱ्या 'ज'मध्ये आरामात राहिले. इंग्रजीतून आलेल्या नावांना मात्र आपण 'झ' देतो : झेरॉक्स, झोमॅटो, ॲमेझॉन. दोन्ही रीती चालतील. फक्त एका लेखात एकच रीत ठेवावी.

इथवर आल्यावर मला आपल्या माणसांची नावं आठवतात. झोमॅटो सगळीकडे झोमॅटो असतं, पण त्याचं जेवण घेऊन येणारा मुलगा आधारवर 'जुबेर', रेशनकार्डावर 'झुबेर' आणि शाळेच्या दाखल्यावर 'जुबैर' असतो. विप्रो हे नाव कुठल्याही मराठी वर्तमानपत्रात एकाच रीतीने छापलं जातं. ती कंपनी काढणाऱ्याचं पहिलं नाव मात्र महंमद, मोहम्मद, मुहम्मद, मोहंमद असं चार प्रकारे सापडेल. कंपनीच्या नावात अक्षर चुकलं तर वकिलाची नोटीस येते. माणसाच्या नावात चुकलं तर त्यालाच ॲफिडेव्हिट करावं लागतं, राजपत्रात नाव छापून आणावं लागतं, आणि दोन्ही कागदांवरचा माणूस मीच आहे हे खिडकीमागच्या कारकुनाला पटवून द्यावं लागतं.

कंपन्यांची नावं नीट लिहूच नयेत, असं मी म्हणत नाही. जरूर लिहावीत. नाव मोठ्या दुकानाचं असो की गल्लीतल्या टेलरचं, ते कोणीतरी विचार करून ठेवलेलं असतं. पण ब्रँडच्या नावासाठी आपण गूगल उघडतो, कंपनीची वेबसाइट पाहतो, एखाद्या मात्रेवरून वाद घालतो. माणसाच्या नावासाठी एवढी धडपड लागत नाही. तो समोर उभा असतो. फॉर्म भरणाऱ्याने, यादी करणाऱ्या मास्तरांनी, बातमी लिहिणाऱ्या वार्ताहराने पेन टेकवण्याआधी एवढंच विचारावं : "नाव कसं लिहिता तुम्ही?"