पाटणचे पटोळे, मशरू आणि एक प्रश्न

शंभर रुपयांची फिकट जांभळी नोट आपल्या हातातून रोज जाते. परंतु तिच्या मागील बाजूस कोणती वास्तू छापली आहे, असे विचारले तर बहुतेक जण क्षणभर थांबतात. ती वास्तू म्हणजे उत्तर गुजरातमधील पाटण येथील ‘राणी की वाव’. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली ही नोट चलनात आणली. त्याआधी, २०१४ साली, युनेस्कोने या वावेला जागतिक वारशाचा मान दिला होता. वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर. आपल्याकडे जिला बारव म्हणतात तीच. मात्र सात मजले जमिनीत उतरत जाणारी आणि भिंतीभिंतीवर शिल्पे मिरवणारी अशी बारव आपल्याकडे पाहावयास मिळत नाही.

पाटण अहमदाबादपासून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर आहे. मेहसाणामार्गे मोटारीने अडीच-तीन तास लागतात. आज हे शांत, काहीसे विस्मृतीत गेलेले जिल्ह्याचे गाव आहे; पण अणहिलवाड पाटण या नावाने ते एके काळी सोळंकी राजांची राजधानी होते. सिद्धराज जयसिंह आणि कुमारपाळ येथेच राज्य करीत होते. कलिकालसर्वज्ञ आचार्य हेमचंद्रसूरींनी आपले ‘सिद्धहेमशब्दानुशासन’ हे व्याकरण येथेच रचले आणि सिद्धराजाने तो ग्रंथ हत्तीवरून मिरवला, अशी परंपरा सांगते. आपल्या समाजातील पुष्कळ जण शंखेश्वरच्या यात्रेत पाटणला धावती भेट देतात, पंचासरा पार्श्वनाथांचे दर्शन घेतात आणि पुढे जातात. या वेळी मात्र मी तेथे चार दिवस राहिलो. निमित्त होते माझ्या पुतणीचे.

माझ्या धाकट्या बंधूंचे बार्शीला कापडाचे दुकान आहे. त्यांची कन्या अहमदाबादच्या एका डिझाइन संस्थेत वस्त्ररचना शिकते. अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थ्याने स्वतःच्या कल्पनेने कापडाचा एक संच तयार करावयाचा असतो. त्यासाठी तिला पाटणला जाऊन पाहणी करायची होती. सोबतीला घरातील कोणी मोठे असावे म्हणून निवृत्त काकांची निवड झाली. आयुष्यभर कर्जाच्या फायली तपासलेल्या माणसाला या प्रवासात एक नवे शिक्षण मिळाले. प्रवासाला निघाल्यावर आपण देवळाचे शिखर पाहतो, मूर्ती पाहतो. ही मुलगी मूर्तीच्या कमरेचे वस्त्र पाहत होती.

राणी की वावेत आम्ही सकाळी आठला उतरलो. अकराव्या शतकात राणी उदयमतीने आपले पती पहिले भीमदेव यांच्या स्मरणार्थ ती बांधविली. हे आपल्याला ज्या ग्रंथातून कळते तो ‘प्रबंधचिंतामणी’ मेरुतुंग या जैन आचार्यांनी १३०४ साली लिहिला, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी. सरस्वती नदीच्या गाळाने ही वाव शतकानुशतके बुजून गेली होती. त्यामुळेच तिची शिल्पे आज एवढी टवटवीत राहिली आहेत. प्रवासी दशावतारांसमोर आणि अप्सरांसमोर छायाचित्रे काढत होते. पुतणी मात्र भिंतीवरील चौकोनी, जाळीदार नक्षीच्या दगडांसमोर बसली. वहीत चौकटी आखून तिने एकेक नक्षी उतरविली. “काका, हा दगड नाही, हे कापड आहे,” ती म्हणाली. स्थानिक वाटाडेही ही नक्षी पटोळ्याच्या नक्षीशी जुळते असे सांगतात. दगडावरून कापडावर गेली की कापडावरून दगडावर आली, हे ठरविण्याची तिला घाई नव्हती.

दुसरा दिवस ग्रंथांचा होता. पाटणमधील जुने ज्ञानभांडार एकत्र आणून १९३९ साली हेमचंद्राचार्य जैन ज्ञानमंदिर सुरू झाले. ताडपत्रावरील आणि कागदावरील हजारो हस्तलिखिते तेथे लाकडी पेट्यांतून जपून ठेवली आहेत. सचित्र कल्पसूत्राची पाने आम्ही त्याआधी अहमदाबादच्या लालभाई दलपतभाई संग्रहालयात निवांतपणे पाहिली होती. पर्युषणात कल्पसूत्राचे वाचन आपण सारेच ऐकतो. त्रिशलामातेची चौदा स्वप्ने, जन्माभिषेक, केशलोच ही चित्रे आपल्या परिचयाची असतात. लाल वा निळी पार्श्वभूमी, सोन्याचा वर्ख आणि चेहऱ्याच्या कडेबाहेर आलेला पलीकडचा डोळा ही त्यांची खूण. परंतु त्रिशलामातेच्या वस्त्रावर हंसांची रांग आहे, शय्येवरील चादरीवर गोल फुलांची नक्षी आहे आणि ओढणी इतकी तलम आहे की तिच्यातून हात दिसतो, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले असेल? चित्रकाराने ही वस्त्रे कल्पनेने रंगविली नव्हती. त्या काळी गुजरातच्या बाजारात जे कापड मिळत होते, तेच त्याने रेखाटले.

याला पुरावा दूरदेशी सापडला. इजिप्तमध्ये जुन्या कैरोजवळ फुस्तात नावाचे नगर होते. तेथे कोरड्या मातीत गुजरातच्या ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे शेकडो तुकडे टिकून राहिले. ऑक्सफर्डच्या अश्मोलियन संग्रहालयात अशा भारतीय छापील तुकड्यांची संख्या बाराशेच्या घरात आहे. त्यांपैकी काहींवर हंस आहेत, गोल फुले आहेत. कल्पसूत्रातल्या वस्त्रांशी त्यांचे नाते अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. याहून नवल म्हणजे इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर वंशपरंपरेने जपलेली गुजराती छापील वस्त्रे मिळाली. त्यांवरील स्त्रियांचे डोळे आपल्या पोथ्यांतल्याप्रमाणेच चेहऱ्याबाहेर आलेले आहेत. खंबायतच्या बंदरातून हे कापड बाहेर गेले. म्हणजे पोथी लिहविणारा श्रेष्ठी आणि समुद्रापार माल पाठविणारा व्यापारी हे एकाच समाजातील, कदाचित एकाच घरातील, असू शकतात. व्यापारी वाचकांस याचा अभिमान वाटावा.

तिसऱ्या दिवशी आम्ही पटोळे विणणाऱ्या साळवी कुटुंबाकडे गेलो. पाटणच्या पटोळ्याचा महाराष्ट्राशी जुना संबंध सांगतात. कुमारपाळ राजा दररोज नवे पटोळे नेसून पूजेला जात असे. हे कापड जालन्याहून येई. तेथील राजा ते आधी स्वतः वापरून मग पाठवितो, असे कळल्यावर उष्टे वस्त्र पूजेला चालणार नाही म्हणून कुमारपाळाने सातशे साळवी कुटुंबे पाटणला आणून वसविली, अशी ही आख्यायिका. आज हे काम करणारी घरे बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

पटोळ्याची रीत थोडक्यात अशी. इतर कापडावर नक्षी विणताना वा छापताना उमटते. पटोळ्यात ती विणण्यापूर्वीच धाग्यात असते. उभे आणि आडवे असे दोन्ही धागे आराखड्याप्रमाणे सुती दोऱ्याने जागोजागी घट्ट बांधतात, रंगवितात, सोडतात, पुन्हा वेगळ्या ठिकाणी बांधून दुसऱ्या रंगात बुडवितात. मग तिरक्या मागावर दोघे जण बसून विणतात. उभ्या धाग्यातील लाल ठिपका आणि आडव्या धाग्यातील लाल ठिपका नेमके एकमेकांवर यावे लागतात. थोडे विणले की ताण सैल करून सुईने एकेक धागा जागेवर आणतात. दिवसाकाठी आठ-नऊ इंच कापड होते. एका साडीला चार-सहा महिने लागतात, कधी वर्षही लागते. त्यामुळे किंमत लाखांतच असते. पानभात, छाबडीभात, नारीकुंजर ही नक्षींची नावे ऐकतानाही गोडवा वाटतो. पटोळे फाटेल पण त्याची नक्षी पुसणार नाही, असे गुजरातीत म्हणतात. कापड उलटे केले तरी नक्षी तशीच दिसते. दोन्ही बाजू सारख्या. हिशेबाच्या वहीलाही हाच नियम असावा, असे माझ्या मनात आले.

सगळे पाहून झाल्यावर पुतणीने ज्येष्ठ विणकरांना विचारले, “हेच काम सुतात होईल का?” त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. “रेशीम का नको?” ती म्हणाली, “आमच्या आजींनी रेशीम सोडले होते.”

हे खरे आहे. आमच्या मातोश्रींनी पन्नाशीनंतर रेशमी वस्त्राचा त्याग केला होता. रेशमाचा अखंड धागा उकलण्यासाठी कोशातील किडा उष्णतेने मारावा लागतो. तो बाहेर पडला तर कोश भोकाडतो आणि धागा तुटतो. अर्धा किलोच्या आसपास कच्चे रेशीम मिळवायचे तर अडीच-तीन हजार कोश लागतात. मातोश्रींना हा आकडा ठाऊक नव्हता. गोष्ट ठाऊक होती, ती त्यांना पुरली. दुसरीकडे, आमच्या दुकानाची निम्मी उलाढाल लग्नाच्या रेशमी साड्यांवर चालते आणि त्याच उत्पन्नातून पुतणीची फी भरली जाते. हे तिला माहीत आहे. ज्या कुमारपाळाने राज्यात अमारीची घोषणा केली, तोच रोज नवे रेशीम नेसत होता, हेही तिने मला वाटेत विचारले होते. प्रश्नात उद्धटपणा नव्हता. रेशीम शुद्ध मानून पूजेत वापरणारी अनेक घरे आपल्यात आहेत आणि ते वर्ज्य मानणारीही आहेत. मी तिला एवढेच म्हणालो, “राजाचा हिशेब राजाकडे, तू तुझा मांड.”

तिने तो मांडला आहे. तिच्या संस्थेतील मागावर मी तिचे तीन प्रयोग पाहिले. पहिला छपाईचा. कल्पसूत्रातील हंस घेऊन तिने पेथापूरच्या कारागिराकडून सागवानी ठसे कोरून घेतले आणि हिरडा, मंजिष्ठ, तुरटी व लोखंडाचा काळा रंग वापरून ते सुती कापडावर उमटविले. लाखेचा लाल रंग तिने टाळला, कारण लाखही किड्यापासूनच येते. हंस सुबक उतरले. पण तिला त्यात नवे काही केल्यासारखे वाटले नाही.

दुसरा प्रयोग धाडसाचा, सुती पटोळ्याचा. त्याला आधार नव्हता असे नाही. आंध्रातील चिराळा आणि तेलंगणातील पुट्टपाका येथे ‘तेलिया रुमाल’ म्हणून असेच दोन्ही बाजूंनी बांधून रंगविलेले सुती कापड होते, आणि बाली बेटावरील तेंगानान गावात ‘गेरिंगसिंग’ नावाचे पवित्र वस्त्र याच पद्धतीने सुतात विणतात. तिने दीड हाताचा रुमाल विणला. वावेतील चौकडीची नक्षी होती. कडा मात्र पसरल्या. पाटणच्या विणकरांनी तो हातात घेऊन सांगितले, “सुताला लव असते बेटा. रंग तिच्यावरून धावतो. दहा रुमाल कर, मग बोलू.”

तिसरा प्रयोग तिला पाटणमध्येच, आमच्या चौथ्या दिवशी, योगायोगाने सापडला. तेथे मशरू नावाचे कापड विणले जाते. रेशीम अंगाला लावू नये अशी मुस्लिम पुरुषांना मर्यादा होती. म्हणून विणकरांनी असे कापड शोधले की वरून रेशीम दिसावे आणि आतून, अंगाकडे, सूत लागावे. उभा रेशमी धागा एकदम अनेक आडवे सुती धागे ओलांडून जातो, त्यामुळे दर्शनी बाजू तुळतुळीत होते. मशरू या शब्दाचा अर्थच ‘धर्माला मान्य’. आता त्यात रेशमाऐवजी बहुधा रेयॉन वापरतात. विणकराचे बोलणे संपेपर्यंत पुतणीचे पेन थांबले होते. एका समाजाच्या मर्यादेतून एक नवे वस्त्र जन्मले, तर आपल्या समाजाच्या मर्यादेतून का जन्मू नये, असा तिचा विचार. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून होतो, पण त्याच्या कारखान्यातील रसायने कामगारांना त्रासदायक असतात, म्हणून तिने तेही घेतले नाही. उभ्या धाग्याला चमक दिलेले मर्सराइज्ड सूत आणि आडव्याला साधे सूत घेऊन तिने मशरूची वीण धरली. उभ्या धाग्यांवर बांधणीने हंसांची रांग घातली. किडा बाहेर पडल्यावर मिळणाऱ्या अहिंसा रेशमाचाही तिने एक पट्टा विणून पाहिला. कोश फुटल्यामुळे तो धागा कातावा लागतो; त्याला गाठी येतात आणि चमक कमी. तरीही तो तिने संचात ठेवला आहे, तुलनेसाठी.

रेशमाची झळाळी सुताला येत नाही, हे स्पष्ट लिहिले पाहिजे. दिव्याखाली दोन्ही शेजारी ठेवले की कोणीही सांगेल. पण ते कापड हातात घेतले तेव्हा मला जड, थंड आणि अंगाला बिलगणारे वाटले. गुजरातच्या उन्हाळ्यात रेशमापेक्षा ते सुखाचे वाटेल, असे पुतणीच्या शिक्षिका म्हणाल्या.

बार्शीला परतल्यावर रात्री जेवणानंतर तिने तुकडे बैठकीत मांडले. बंधूंनी प्रत्येक तुकडा सवयीने चिमटीत धरून पाहिला. “नवरीची आई सुती शालू नेईल का?” त्यांनी विचारले. वहिनी म्हणाल्या, “चातुर्मासात, उपधानाला, पूजेला नेतील. आठवीच्या पारण्याला देतील.” बंधू गप्प राहिले. मीही मध्ये पडलो नाही. व्यवसायाचा धोका ज्याचा, निर्णय त्याचा. थोड्या वेळाने त्यांनी मशरूचा तुकडा पुन्हा उचलला आणि मुलीला विचारले, “मीटरमागे काय पडेल?” तिने सांगितलेला आकडा फार होता. त्यांनी तो पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतला आणि पन्नास मीटरचा भाव विणकरांकडून मागवायला सांगितले.

वाचकांनी शंखेश्वरला जाताना पाटणसाठी एक दिवस तरी राखून ठेवावा. वाव सकाळी लवकर पाहावी. ऊन तिरके असताना शिल्पे उठून दिसतात. पटोळ्याच्या घरी माल घेण्याच्या इराद्याने जाण्याची गरज नाही. ते लोक आनंदाने माग दाखवितात. वाटेत अहमदाबादला कॅलिको संग्रहालय पाहायचे असेल तर आधी नोंदणी करावी लागते. आणि घरात कापडाचा धंदा असेल, तर सोबत नातवंडांना न्यावे. त्यांच्या हाती एक कोरी वही आणि पेन्सिल द्यावी.