वजन चोर्यासी

विंग फॉइलचा बोर्ड विकणारा माणूस सगळ्यात आधी तुमचं वजन विचारतो. नाव नंतर, बजेट त्याच्याही नंतर. 'रायडर वेट?' एवढाच मेसेज येतो आणि उत्तर दिल्याशिवाय बोलणं पुढे सरकत नाही. एकवीस वर्षांच्या मुलीला वजन विचारणारे आमच्याकडे आजवर दोनच प्रकारचे लोक होते, डॉक्टर आणि लग्नात शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या आंट्या. पैकी आंट्या उत्तराची वाट बघत नाहीत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हातात हवा भरलेलं, पंखासारखं शीड असतं, ती विंग. ती कशालाच जोडलेली नसते, नुसती हातात धरायची. पायाखाली आखूड, जाडसर बोर्ड. बोर्डाच्या पोटाला पाऊण मीटरचा उभा दांडा आणि दांड्याच्या टोकाला छोट्या विमानासारखे दोन पंख, पुढचा मोठा, मागचा लहान. या सगळ्याला मिळून फॉइल म्हणतात. वाऱ्याने वेग आला की पाण्यातले ते पंख विमानाच्या पंखांसारखेच वर उचलतात आणि बोर्ड पाणी सोडतो. मग खाली लाटांची आपटाआपट नाही, काही नाही. हवेच्या विंग बाजारात आल्या त्या २०१९च्या आसपास, त्यामुळे या खेळात 'आमच्या वेळी' म्हणणारे म्हातारे अजून तयार व्हायचेत.

मी तो पहिल्यांदा केला मागच्या नाताळच्या सुट्टीत, गोव्यात मोरजीला. माझा मावसभाऊ तिथे वॉटर स्पोर्ट्समध्ये काम करतो. त्याने मला १३० लिटरचा, दारासारखा रुंद बोर्ड दिला. तीन दिवस मी गुडघ्यांवर होते. चौथ्या दिवशी उभी राहिले आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी बोर्ड उचलला गेला, चार-पाच सेकंद. त्या सेकंदांत मी किती किलोची आहे हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच सांगते.

पण मोरजी लांब. आम्ही मूळचे वसईचे, डॅडी वॉटर जेट लूमचे फिटर, म्हणून घर कामरेजला. मी शिकायला मुंबईत आणि सुट्टीला कामरेजमध्ये. घरापासून स्कूटीवर दहा मिनिटांत तापी. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावून, भुसावळवरून, उकाईचं धरण ओलांडून ती आमच्याकडे येते तेव्हा चांगलीच रुंद आणि सुस्त झालेली असते. पुलावरून ट्रकांची रांग आणि खाली ते सपाट पाणी. इथे स्वतःचा बोर्ड हवा असं मी ठरवलं. ट्यूशन आणि भाषांतराचे साठवलेले पैसे होते, उरलेले डॅडी घालणार होते. सेकंडहँडसुद्धा स्वस्त नाही, त्यामुळे निवड एकदाच करायची होती.

आता लिटरचा हिशोब. बोर्ड किती लिटरचा म्हणजे तो पूर्ण बुडाला तर किती लिटर पाणी बाजूला सारेल. एक लिटर गोडं पाणी एक किलोचं, म्हणजे शंभर लिटरचा बोर्ड तापीत जास्तीत जास्त शंभर किलो पेलेल, आणि त्यात त्याचं स्वतःचं वजनही आलं. समुद्राचं पाणी लिटरमागे पंचवीसेक ग्रॅम जड असतं, तिथे तोच बोर्ड अडीच किलो जास्त उचलतो. सुरतेत सिंगणपोरला बंधारा आहे, भरतीचं खारं पाणी त्याच्यावर चढत नाही, कामरेज तर आणखी वर. थोडक्यात, आमच्या नदीत मिठाची मदत नाही. शिकाऊ माणसासाठी साधारण नियम असा: किलोमध्ये जेवढं वजन तेवढे लिटर, अधिक तीस-चाळीस. हात बसला की वजनाएवढा बोर्ड पुरतो. माझ्या मावसभावासारखे लोक वजनापेक्षा कमी लिटरचा वापरतात. त्यांचा बोर्ड थांबला की पोटऱ्यांपर्यंत बुडतो, आणि विंगने ओढून वर यायचं तंत्र त्यांना येतं. एकदा उडायला लागलं की लिटरचा काही उपयोगच नसतो, उलट पायाखाली जेवढं कमी तेवढं वळायला सोपं. म्हणून सगळ्यांची नजर लहान बोर्डावर असते.

मम्मीचीही होती. तिचं गणित वेगळं होतं.

"पंच्याण्णवचा घे ना. तसंही वजन उतरणारच आहे आता तुझं."

लहानपणी आमचे सगळे कपडे 'वाढत्या अंगाचे' असायचे. पहिल्या कम्युनियनचा माझा फ्रॉक पुढे दोन बहिणींनी घातला, बाहीत इतकी शिलाई होती. मग कधीतरी, नक्की कधी ते मला आठवत नाही, माझे कपडे घटत्या अंगाचे यायला लागले. 'थोडा टाइट राहू दे, बारीक झालीस की बसेल.' कपाटात असे चार ड्रेस आहेत, ते माझ्यापेक्षा जास्त धीराने वाट बघतायत. मम्मी वाईट नाही हो. लग्नाच्या वयाची मुलगी, लोक बोलतात, आणि तिला ते माझ्याआधी ऐकू येतं. सुरत कपड्यांचं शहर आहे आणि इथल्या साडीइतकं उदार वस्त्र नाही, साडेपाच मीटर सगळ्यांना सारखी. मापाची भानगड शिवलेल्या कपड्यांपासून सुरू होते.

पण ड्रेस घट्ट झाला तर चेन लागत नाही एवढंच. बोर्ड कमी पडला तर तुम्ही नदीच्या मध्यावर असता.

घरातला वजनकाटा विश्वासाचा नव्हता, तो जागा बदलली की आकडा बदलतो. आमच्या सोसायटीच्या खाली पिठाची गिरणी आहे, तिथे गोणी तोलायचा मोठा काटा. एका दुपारी गर्दी नसताना मी त्यावर उभी राहिले. गिरणीवाले काका चष्मा वर करून वाचतात ते मोठ्यानेच: "चोर्यासी!" गुजरातीत चौऱ्याऐंशीला चोर्यासी म्हणतात आणि कामरेजच्या शेजारचा तालुकाही चोर्यासीच. काका स्वतःच्या विनोदावर खूष होऊन म्हणाले, राहते कामरेजमां अने वजन चोर्यासीमां. मीही हसले. हसू आलं, खरंच.

मग वहीत मांडलं. मी ८४. ओले कपडे आणि लाइफ जॅकेट २. हातातली विंग ३. फॉइल ५. बोर्ड ८. एकूण १०२. (लाइफ जॅकेट तुम्ही पाण्यात पडल्यावर तरंगवतं. बोर्डावर उभं असताना ते नुसतं ओझं.) ९५ लिटरचा बोर्ड म्हणजे सात किलो तूट, वारा पडला की मी बोर्डासकट खाली. १२० लिटर म्हणजे अठरा किलो शिल्लक. हे अठरा किलो म्हणजे तोल जाताना, गुडघ्यांवरून उठताना, वारा मध्येच मेल्यावर परत काठाला येतानाची सवलत.

डॅडींना वही दाखवली. त्यांनी फक्त बेरीज तपासली आणि मम्मीला म्हणाले, "बेअरिंग आणायला गेलो तर मी लोड कमी सांगतो काय? मशीन काय सहा महिन्यांनी बारीक होणार आहे?" मम्मी म्हणाली, पोरीला मशीन म्हणू नका. त्यावर दोघांचं जे झालं ते इथे नको.

लिटर ठरले तरी आकार उरतोच. तेच १२० लिटर आखूड आणि रुंद बोर्डात बसवता येतात किंवा लांब आणि अरुंद बोर्डात. रुंदीने डावा-उजवा तोल मिळतो, लांबीने पाण्यावरचा सरळ वेग. अलीकडे सात-साडेसात फुटी, वीस-बावीस इंच रुंदीचे निमुळते बोर्ड निघालेत, ते थोड्या वाऱ्यातही लवकर वेग धरतात आणि उचलले जातात. कामरेजला वारा ही अडचणच आहे. समुद्र लांब, मध्ये अख्खं सुरत. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर पश्चिमेकडून येतो तो झुळका-झुळकांनी, इमारतींना वळसे घालत. म्हणजे वाऱ्याचा विचार केला तर लांब बोर्ड बरोबर. पण बावीस इंचावर मी उभी राहू शकत नाही, मोरजीत एकदा चढून बघितलं, ओंडक्यावर मांजर. मावसभाऊ म्हणाला, वारा कमी असेल तर विंग मोठी घे, पुढचा पंख मोठा घे, पण बोर्ड तुझ्या पायांना घे. ते मला पटलं. पाच फूट दहा इंच लांब, २९ इंच रुंद.

खरी मजा बांधणीत आली, कारण तिथे डॅडी घुसले. पहिला पर्याय होता हवा भरायचा बोर्ड. गुंडाळून पिशवीत, ट्रेनमध्ये, लिफ्टमध्ये, पलंगाखाली. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला आणखी काय हवं. मावसभावाने त्याचा फाटका तुकडा पाठवला होता. डॅडींनी तो उलटासुलटा केला, आतले धागे बोटाने मोजल्यासारखे केले आणि म्हणाले, "हे वेल्वेट आहे." ते बरोबर होतं. मखमल विणताना एका मागावर दोन कापडं समोरासमोर विणतात, मधले धागे दोघांना जोडत जातात आणि शेवटी मधोमध कापून दोन मखमली निघतात. हवेच्या बोर्डात तेच, फक्त कापत नाहीत. हजारो सारख्या लांबीचे धागे वरचं आणि खालचं कापड धरून ठेवतात, म्हणून हवा भरल्यावर ते फुग्यासारखं गोल न होता सपाट राहतं. एवढं कौतुक करून त्यांनी नकार दिला. माणूस जड, खाली पाऊण मीटरचा दांडा, त्याचा सगळा पीळ बोर्डात येणार. हवेचा बोर्ड मधे लवतो आणि लवला की पाण्यातला पंख तुमचं ऐकत नाही. पन्नास किलोच्या माणसाला चालून जाईल. आपल्याला नको.

'आपल्याला' म्हणाले. मला ते बरं वाटलं.

कडक बोर्डाच्या आत काय असतं हे कळल्यावर मात्र डॅडी जरा हिरमुसले. थर्माकोल. भारी, घट्ट दाण्यांचा, पण थर्माकोलच. सुरत म्हणजे जहाजं बांधणारं गाव, इथला लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली मुंबईला गेला आणि त्याच्या घराण्याने तिथल्या गोदीत सागवानी जहाजं बांधली. त्यातलं १८१७ सालचं 'ट्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे. आणि आम्ही कष्टाच्या पैशांनी थर्माकोल घेणार. पण सगळी ताकद वरच्या कातडीत असते. काचेच्या धाग्यांचं कापड, काही थर सरळ, काही तिरपे, आणि ते इपॉक्सीत भिजवून चिकटवलेलं. इपॉक्सीच लागतं. साधं पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलला खातं. नाताळच्या गोठ्याचा थर्माकोलचा डोंगर स्प्रे पेंटखाली वितळताना ज्यांनी पाहिलाय त्यांना हे समजावून सांगायला नको, वसईत दर डिसेंबरला कुणाचा ना कुणाचा डोंगर बसतोच. कार्बनचं कापड हलकं आणि ताठ, पण महाग, आणि धक्क्याला काचेइतकं सोशिक नाही. तापीच्या पात्रात वाळूचे उंचवटे आहेत, दांडा एकदा तरी वाळूला लागणारच. तो धक्का बसतो बोर्डाच्या पोटातल्या पट्ट्यांना, जिथे फॉइलचे बोल्ट असतात. म्हणून काचेचा बोर्ड, पट्ट्यांभोवती आणि पायांखाली जादा थर असलेला. शिवाय एक छोटा स्क्रू असतो, आतली हवा बाहेर सोडायला. कामरेजच्या मे महिन्यात बाल्कनीत ठेवलेल्या बोर्डाचा तो बंद राहिला तर आतली हवा फुगून कातडी सुटू शकते. डॅडींनी त्यावर लाल रंगाचा ठिपका दिलाय.

फॉर्म भरताना मम्मी मागे उभी होती. 'रायडर वेट'च्या रकान्यात मी ८४ लिहिलं. "दोन तरी कमी लिही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "राहू दे. बुडशील."

बोर्ड एप्रिलमध्ये आला. माझे आजोबा पाचूबंदरला मासेमारी करायचे, दोरीला वजन बांधून किती वाव पाणी ते बघायचे. मी बांबूवर खुणा करून काठापासून आत चालत गेले आणि जिथे छातीच्या वर पाणी लागलं तिथून सुरुवात केली. त्या दिवशी वारा नव्हताच. नुसती गुडघ्यांवर बसले, मग उभी राहिले. बोर्डाची कड पाण्याच्या वर राहिली. काठावर म्हशी आणि मम्मी. विंग डोक्यावर धरून मी पुलाकडे तोंड करून उभी होते आणि काही हलत नव्हतं, मीही नाही.

मेच्या अखेरीपर्यंत अकरा वेळा गेले. दोनदा बोर्ड उचलला गेला, दुसऱ्यांदा पुलाच्या खांबांमधल्या एका अंतराएवढा. पावसात उकाईतून पाणी सुटतं, नदीचा भरवसा नसतो, तेव्हा बोर्ड घरात, दिवाणखान्यात उभा. मम्मी त्यावर ओले टॉवेल टाकते. दिवाळीच्या सुट्टीत मावसभाऊ मोठी विंग घेऊन येतोय, सहा चौरस मीटरची.