मॅक्रो, पर्ल आणि पत्रातली कोरी जागा

लिब्रेऑफिस रायटरच्या बेसिक मॅक्रोतून पर्लची स्क्रिप्ट चालवली, की व्हेरिएबलला दोन भाषांचे नियम लागू होतात. नावातली लहान आणि मोठी रोमन अक्षरे बेसिकला सारखीच. पर्लला ती वेगळी. मुळशी तालुक्यातील गावांच्या यादीवरून पौडला पत्रे तयार होत असताना हाच फरक नडला. एकच नाव एका ठिकाणी मोठ्या अक्षराने सुरू झालेले, दुसऱ्या ठिकाणी लहान. पर्लने ती दोन व्हेरिएबल्स धरली आणि पत्रांत गावाच्या नावाची जागा कोरी राहिली.

चूक झाली यापेक्षा ती कुणाला कळली नाही, हे जास्त खटकते. ‘स्ट्रिक्ट’ लावलेले नसेल तर कुठेही जाहीर न केलेले नाव पर्ल मुकाट्याने स्वीकारते. मजकुरात त्याची किंमत रिकामी, हिशेबात शून्य. स्क्रिप्ट शेवटपर्यंत चालते, मॅक्रोच्या लेखी काम फत्ते. ‘वॉर्निंग्ज’ चालू असल्या तर सूचना निघते, पण ती स्टँडर्ड एररकडे जाते. शेल आदेशाने स्क्रिप्ट चालवणाऱ्या मॅक्रोत ती वापरणाऱ्याला दिसतच नाही. ज्या गावाला पत्र जायचे त्याचेच नाव पत्रात नसावे, ही साधी गोष्ट नव्हे. स्क्रिप्टच्या आरंभी पर्लची ५.१२ (२०१०) किंवा त्यापुढची आवृत्ती मागितली तर स्ट्रिक्ट आपोआप लागू होते. हे संरक्षण मागावे लागू नये.

दोष शोधताना मॅक्रो बाजूला ठेवून स्क्रिप्ट टर्मिनलमध्ये एकाच गावावर चालवावी. बेसिकमध्येही ‘ऑप्शन एक्स्प्लिसिट’ लिहावे. मग पर्लपर्यंत काय पोचते ते पाहावे. बेसिकचे व्हेरिएबल पर्लला दिसत नाही. त्याची किंमत आर्ग्युमेंट म्हणून पाठवावी लागते. ‘कासार आंबोली’ अवतरणचिन्हांविना पाठवले तर त्याची दोन आर्ग्युमेंट्स होतात आणि पत्रात नुसते ‘कासार’ उमटते. शेवटी एन्कोडिंग. ‘ताम्हिणी’त युनिकोडची ८ चिन्हे आहेत, यूटीएफ-८ डीकोड केले नाही तर पर्ल २४ बाइट मोजते आणि नाव भलत्याच जागी तोडते.

स्ट्रिक्ट नाव तपासते, किंमत नाही. म्हणून गावाचे नाव रिकामे आले तर थांबण्याची अट स्क्रिप्टमध्ये वेगळी घालावी. एका ओळीत उरकणाऱ्या कामाला मात्र पर्लची हीच मोकळीक हवीशी वाटते. तिथे व्हेरिएबल जाहीर करत बसणे जिवावर येते.