आडवी शिडी

घनगडाची शिडी फोटोत आडवी दिसते.

प्रत्यक्षात ती कातळाला टेकून उभी आहे. लोखंडी आहे, पाय पडला की खणखणते, आणि दोन पायऱ्यांमधून खालच्या झाडीचे शेंडे दिसतात. मागच्या खेपेला वर पोहोचल्यावर मोबाइल खाली झुकवून तिचा फोटो काढला होता. घरी दाखवला तर बायको म्हणाली, "ही अशी जमिनीवर का पडलीय?" त्या एका वाक्यात माझ्या दोन्ही गुडघ्यांचा पराक्रम मातीमोल झाला.

म्हणून यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस उंबऱ्याशी आलेला असताना, पुन्हा निघालो. गड पाहायला नव्हे. चढ पकडून आणायला.

पौड मागं पडलं की पुढं मुळशी धरणाचं पाणी दिसू लागतं. उन्हाळाअखेरीला ते आत सरलेलं असतं आणि काठावर तपकिरी मातीच्या वळ्या उरलेल्या असतात, पोट खपाटीला गेलेल्या गुरासारख्या. तरी फोटो सुंदरच येतो. मुळशीच्या पाण्याचा वाईट फोटो मी अजून पाहिलेला नाही, आणि तेच मला थोडं खटकतं. त्या पाण्याखाली मुळा नदीच्या खोऱ्यातली गावं आहेत, भाताची खाचरं आहेत. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी जमीन द्यायला मावळे तयार नव्हते. 1921 च्या 16 एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट त्यातूनच 'सेनापती' झाले. धरण व्हायचं ते झालंच. पूर्वेला जाणारं पाणी पश्चिमेला वळलं आणि घाटाखाली भिऱ्याला जाऊन वीज करू लागलं. माझ्या फोटोत यातलं काय आहे? निळं पाणी आणि एक ढग. जो कॅमेरा शिडीला आडवी पाडतो, त्यानं पाण्याचा तळ दाखवावा ही अपेक्षाही जास्तच म्हणायची.

एकोले गावातून वाट चढते. सुरुवातीला झाडी आहे, सावली आहे, गारजाईचं देऊळ आहे. इथवर फोटो भरपूर निघतात: देवळाचं दार, करवंदीच्या जाळीत उरलेली चार काळी करवंदं, घामानं चिकटलेल्या माझ्याच कपाळाचा एक. पुढं दरवाजा, गुहा, मग कड्यापासून सुटून पुन्हा त्यालाच टेकलेला तो प्रचंड धोंडा. आणि मग शिडीचा टप्पा. 1818 साली इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कितीतरी गडांच्या वाटा सुरुंगांनी उडवल्या. इथल्या पायऱ्याही तेव्हाच गेल्या असं सांगतात. पायऱ्या गेल्या, त्यांच्या जागी लोखंड आलं.

या वेळी मी तयारीनं गेलो होतो. मोबाइलचं नेहमीचं भिंग रुंद पल्ल्याचं असतं. जवळचं फुगवतं आणि लांबचं बारीक करतं. म्हणून समोरचा डोंगर आपल्याला छातीवर येतो आणि फोटोत टेकाड होतो. उपाय सोपा: लांब सरका आणि झूम करा. पण लांब सरकायचं कुठं? पाठीमागं दोन पावलांवर कडा संपतो. दुसरा उपाय, चौकटीत माणूस घ्या, म्हणजे मापाला काहीतरी राहतं. माणूस मी एकटाच होतो. तिसरा, क्षितिज चौकटीत ठेवा, म्हणजे उभं काय नि आडवं काय ते डोळ्याला कळतं. त्या दिवशी कोकणातून वर येणाऱ्या ढगानं क्षितिज गिळून टाकलं होतं.

आणि खरी अडचण या तिन्हींहून साधी होती. शिडीच्या मध्यावर, जिथून तो चढ खरोखर दिसतो, जिथं वारा शर्टात शिरून आपल्याला कड्यापासून सोडवू बघतो, तिथं माझे दोन्ही हात लोखंडाला होते. मोबाइल खिशात. तो तिथं थोडासा थरथरला, कुणाचा तरी निरोप आला असणार. मी पुढची पायरी धरली.

वर टाक्यापाशी बसून श्वास खाली आल्यावर गॅलरी चाळली. देऊळ, करवंदं, दरवाजा, गुहा, टाकं. एकूण एक फोटो थांबल्या ठिकाणचा. जिथं छाती भरून आली, जिथं पाय लटपटला, त्या कुठल्याच जागेचा फोटो नाही. वीस वर्षांचे माझे सगळे ट्रेक आठवून पाहिले, तेही तसेच. मी डोंगर म्हणून जपून ठेवलं ते सगळे विसावे होते.

तेवढ्यात ढग फाटला. पलीकडं तैलबैलाच्या दोन काळ्या भिंती उभ्या राहिल्या, सुधागडाचा माथा वर आला, आणि खाली एकोल्याची घरं सांडल्यासारखी दिसली. झूम केलं, आणि गंमत म्हणजे तैलबैलाच्या भिंती जशा आहेत तशाच आल्या, उभ्याच्या उभ्या. डोंगराचा ताठा त्याच्या अंगावरून दिसत नाही, शेजारच्या गडावरून दिसतो. घाईघाईत गावाचाही एक फोटो घेतला आणि उतरलो.

खाली एका ओट्यावर पाणी मागितलं. आजींनी तांब्या दिला आणि हात पुढं केला, "बघू काय काढलंस." त्यांनी मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला. मागच्या खेपेची शिडी पाहिली. "लई बुटकी दिसती की रं." मग म्हणाल्या, त्या सुनेच्या वयाच्या असताना डोंगराच्या अंगाला गवताला जायच्या, येताना भारा डोक्यावर. मी विचारलं, उतरताना धरायला काय असायचं? "धरनार कशानं? हात भाऱ्याला न्हाई का!"

मग गावाचा फोटो आला. त्यावर त्या थांबल्या. कुठलं घर त्यांचं ते मी बोटांनी मोठं करून दाखवलं. चौकोन चौकोन फुटले, तरी छपरावरचं निळं प्लास्टिक ओळखू आलं. आजींनी मोबाइल उन्हातून सावलीत घेतला, पुन्हा बघितला, आणि घराकडं तोंड करून नातवाला हाक मारली.

"आरं, मागल्या अंगाचा दगुड सरकलाय बघ. कागुद उडंल. शिडी लाव अन् चढ वर."