आमची नाणेपरीक्षा

मनुष्य कोणत्या वयात कोणत्या नादी लागेल ह्याचा काही नेम नाही. आमचे उभे आयुष्य दुसऱ्यांच्या रुपयांचा हिशेब तपासण्यात गेले. परंतु एखादा रुपया हातात घेऊन त्याचे तोंड नीट न्याहाळावे, असे वयाची साठी उलटेपर्यंत आम्हांस कधी वाटले नाही. गेल्या दिवाळीत तो योग आला, आणि नाण्यांची परीक्षा करावयास बसलेल्या आमचीच परीक्षा झाली. तिचा निकाल वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमचे सुलतानपूर बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात आहे. मेहकराहून लोणारचे सरोवर पाहावयास जाणारे प्रवासी आमच्या गावावरून जातात, थांबत मात्र सहसा कोणी नाही. घरी आम्ही तिघे भाऊ, आमचा परिवार, आणि सर्वांच्या वडील अशा आमच्या काकू. काकूंचे वय आता चौऱ्याऐंशी. त्यांचा एकुलता मुलगा सहा वर्षांपूर्वी गेला. त्याची मुलगी आमच्याच घरी वाढली. ह्या वर्षी तिला आयुर्वेद महाविद्यालयात प्रवेश मिळाला. फीचा आकडा मोठा होता, आणि नेमकी ह्याच सुमारास आम्हां भावांत शेताच्या वाटणीची बोलणी सुरू झाली होती. फी कोणी भरावयाची हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात होता. ओठावर मात्र कोणी आणीत नव्हता.

लक्ष्मीपूजनास आमच्या घरी एक पितळी डबा निघतो. त्यातील जुनी नाणी दुधापाण्याने धुवावयाची, त्यांस हळदकुंकू वाहावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी डबा पुन्हा कपाटात ठेवावयाचा, एवढाच आमचा त्या द्रव्याशी संबंध. ह्या खेपेस पुतण्या म्हणाला, "काका, जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळतात अशी जाहिरात मी मोबाइलवर पाहिली." झाले! जो डबा आजवर देवाचा होता तो त्या क्षणी इस्टेट झाला. सर्वांच्या नजरा त्याजकडे वळल्या, आणि त्या नजरा आम्हांस बऱ्या वाटल्या नाहीत.

इतक्यात काकू देव्हाऱ्यातून स्वतःचे एक नाणे घेऊन आल्या. एका बाजूस राम, सीता, लक्ष्मण आणि मारुती. दुसऱ्या बाजूस इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनीचे नाव व १८१८ हे साल. त्या म्हणाल्या, "हे माझ्या माहेरचे. दोनशे वर्षांचे आहे. ह्याचे काय येईल ते बघ, आणि पोरीच्या फीला लाव. कोणापुढे हात पसरायला नको." घरात एकदम शांतता पसरली. परीक्षेचे काम आमच्याकडे आले ते असे.

डब्यातील चाळीस आणि काकूंचे एक, अशी एकेचाळीस नाणी आम्ही पांढऱ्या पंचावर मांडली. नवशिक्याचा उत्साह दांडगा असतो. काळवंडलेल्या नाण्यावरची अक्षरे दिसेनात म्हणून त्यातला एक रुपया आम्ही चिंच आणि रांगोळी लावून असा काही घासला, की त्यात तोंड दिसावे. ह्या पराक्रमाचे फळ पुढे सांगू.

पंधरा रुपये इंग्रजी अमलाचे, म्हणजे ज्यांस आमचे आजोबा कलदार म्हणत, ते निघाले. हातोड्याने न ठोकता कळीच्या यंत्रावर पाडलेला तो कलदार. त्यांतील काहींवर १८४० आणि काहींवर १८६२ हे साल पाहून आम्ही हरखून गेलो. परंतु पुढे वाचनात आले, की १८४० हे साल १८६२ उजाडेपर्यंत, आणि १८६२ हे साल १८७४ पर्यंत टांकसाळीने बदललेच नव्हते. म्हणजे ही नाणी वर्षानुवर्षे त्याच सालाने अमाप पाडली गेली. जुने ते दुर्मिळ असा जो आमचा समज होता, त्यास हा पहिला धक्का. नाणे किती वर्षांचे आहे, ह्यापेक्षा तसली किती उरली आहेत, कोणत्या स्थितीत आहेत आणि ती हवी असणारे किती आहेत, ह्या तीन गोष्टींवर त्याचे मोल ठरते.

दुसरा धक्का हाली सिक्क्यांनी दिला. ही नऊ नाणी निजामाच्या राज्यातील. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. परंतु लोणारच्या पलीकडे मंठा, जिंतूर हा सारा मुलूख १९४८ पर्यंत मोगलाईतच होता. बाजारहाट, सोयरीक आणि देणेघेणे दोन्हीकडे चाले, त्यामुळे आमच्या आजोबांच्या कनवटीस दोन राज्यांचे रुपये असत. सात हाली म्हणजे सहा कलदार, हे गणित त्या काळी मोगलाईच्या सीमेवरच्या गावांस पाठ असे.

आठ नाण्यांवर चारमिनार स्पष्ट होता. नववे हातोड्याने ठोकलेले, झिजलेले. त्यावर फारसी आकड्यांत केवळ ९२ एवढेच वाचता येत होते. आम्ही तर्क लढविला: हे १०९२ हिजरी असले पाहिजे, म्हणजे इसवी सन १६८१, म्हणजेच औरंगजेब दक्षिणेत उतरला ते साल! दोन दिवस आम्ही त्या रुपयाकडे आदराने पाहत होतो. तिसऱ्या दिवशी मेहकरचे एक निवृत्त उर्दू शिक्षक आमच्याकडे आले. त्यांनी भिंग लावले आणि हसून सांगितले, "साहेब, हे साल नव्हे. मीम चाळीस, हे आठ, पुन्हा मीम चाळीस, दाल चार, बेरीज ब्याण्णव. हे पैगंबरांच्या नावाचे अंक आहेत. आसफजाही नाण्यांवर ते असतात." औरंगजेब आमच्या पंचावरून तत्काळ अंतर्धान पावला आणि एकोणिसाव्या शतकातला एक साधा हाली रुपया तेवढा मागे उरला.

त्याच सद्गृहस्थांनी आम्हांस वाचनाची रीत शिकविली. चारमिनारच्या दारात मीम हे अक्षर असेल तर रुपया मीर महबूब अली खानांचा. ऐन असेल तर १९११ साली गादीवर आलेल्या मीर उस्मान अली खानांचा. हिजरी वर्ष चांद्र, म्हणून आपल्या वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्याचे इसवी सन काढावयाचे तर शेकडा तीन वजा करावे आणि ६२२ मिळवावे. १३३० मधून ४० गेले, १२९० राहिले. ६२२ मिळविले की १९१२. कच्चा हिशेब, पण एखाद्या वर्षापलीकडे चुकत नाही. सुलतानपुरात बसून चारमिनारच्या दारातले अक्षर ओळखण्याचा आनंद काय असतो, हे अनुभवाशिवाय कळणार नाही.

तांब्याची अकरा नाणी होती. त्यांतील चार शिवराया. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. जिजाबाईंचे सिंदखेड आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे शिवराई हातात येताच ऊर भरून येणे साहजिकच होते. परंतु दोन ओळींच्या मध्ये दोन आडव्या रेघा दिसल्या. ती दुदांडी शिवराई. महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी नाणी पाडली; त्यांच्या पश्चात त्याच नावाने तांब्याचे पैसे शंभर वर्षांहून अधिक काळ, थेट पेशवाई अखेरपर्यंत पाडले जात होते. दुदांडी ही त्या उत्तरकाळातली. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे एका नाण्यावर 'राजा' तर दुसऱ्यावर 'शिव' एवढेच उमटलेले असते. अर्ध्यामुर्ध्या अक्षरांवरून सबंध मजकूर ओळखणे हीच ह्या नाण्यांची गंमत. भाव विचाराल तर बेताचाच. पण जो राजा गेल्यावरही पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या नावाचा पैसा बाजारात खणखणत राहिला, त्याच्या राज्याची आठवण किती खोल असेल, हे त्या लहानशा तुकड्याने आम्हांस कोणत्याही व्याख्यानाहून अधिक चांगले समजाविले. उरलेली पाच भोकाची नाणी १९४३ ते १९४७ मधली. महायुद्धात तांबे वाचविण्यासाठी पैशाच्या पोटात छिद्र पाडले होते. मुलांनी ती करगोट्यात ओवल्याची आठवण थोरल्या बंधूंनी सांगितली, आणि वाटणीची बोलणी सुरू झाल्यापासून आम्ही तिघे प्रथमच एकत्र हसलो.

आता आमच्या पराक्रमाविषयी. घासून लख्ख केलेला तो रुपया पंचम जॉर्जचा, १९११ सालचा निघाला. त्या सालच्या रुपयावर बादशहाच्या झग्यावरील हत्ती इतका आखूड सोंडेचा उमटला होता, की लोकांस तो डुकरासारखा दिसला आणि मोठा गिल्ला झाला. सुमारे चौऱ्याण्णव लाख रुपये पाडले होते, त्यांतले सातएक लाखच चलनात गेले. बाकीचे सरकारने वितळविले आणि पुढील साली हत्ती सुधारला. आमच्या डब्यात दुर्मिळ म्हणण्याजोगे नाणे काय ते हेच. आणि एकेचाळिसांतून नेमके हेच आम्ही चिंचेने घासले! नाण्यावर काळाने चढविलेला रंग हा मळ नव्हे, तो त्याच्या खरेपणाचा दाखला असतो. तो पुसला की संग्राहक पाठ फिरवितो. वाचकहो, घरात जुने नाणे निघाले तर त्यास चिंच, राख, पावडर काहीएक लावू नका. कडांस धरून उचला, कोरड्या कागदात गुंडाळा, आणि आधी ओळखा.

किंमत पाहावयास आम्ही सराफाच्या काट्यावर बसलो. कलदार रुपया ११.६६ ग्रॅम, त्यात बारापैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम शुद्ध. हाली रुपया ११.१८ ग्रॅम, त्यात चांदी सुमारे ९ ग्रॅम. १९४० नंतरच्या रुपयात चांदी निम्मीच, आणि १९४७ च्या रुपयात मुळीच नाही, तो निकेलचा. तेव्हा साध्या चांदीच्या रुपयाचा पाया म्हणजे त्या दिवशीचा चांदीचा भाव. त्यावर संग्राहक थोडेबहुत अधिक देतो. लाखांची भाषा बहुतेक जाहिरातींतच नांदते.

त्या भाषेचा प्रसादही आम्हांस मिळाला. पुतण्याने जाहिरातीतील क्रमांकावर छायाचित्रे धाडली. लगेच एका अनोळखी गृहस्थाचा फोन आला. नाण्यांचे अकरा लाख मंजूर झाले आहेत, रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीसाठी काही हजार आधी पाठवावेत, असे तो म्हणाला. सुदैवाने आमचा जुना धंदा आठवला: जो देणार तो आधी मागत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट १९२१ नव्हे, अगदी अलीकडे, २०२१ सालच्या ऑगस्टात, जाहीर सूचना काढून सांगितले आहे, की जुन्या नाण्यानोटांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी कसलेही शुल्क घेत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वाडवडिलांच्या डब्यातील नाणी आपली. परंतु जमिनीत पुरलेले धन सापडले तर १८७८ च्या कायद्यान्वये कलेक्टरास कळविणे बंधनकारक आहे.

असो. चाळीस नाण्यांचा निकाल लागला. एकेचाळिसाव्याचा निकाल आमच्या घशात अडकला होता. कंपनीने १८१८ साली रामपंचायतनाचे असे नाणे पाडलेलेच नाही. त्या काळातील मुंबई इलाख्याच्या पैशावर तराजू असे. राममूर्तीची नाणी म्हणजे देवस्थानी व जत्रेत विकली जाणारी पूजेची टाके. त्यांवर कंपनीचे नाव आणि जुने साल पुढे कोणी तरी घातले. धातू साधा, किंमत जवळजवळ शून्य.

थोरले बंधू म्हणाले, "काकूंना सांगू नकोस. काही तरी आकडा सांग, पैसे आपण घालू." सूचना प्रेमाची होती. परंतु जन्मभर खोटा आकडा पकडण्याचे काम केलेल्या माणसाने काकूंस खोटा आकडा कसा सांगावा? शिवाय ह्यापुढे त्यांच्या नातीने तो विक्रीचा कागद मागितला असता तर?

आम्ही देव्हाऱ्यापाशी बसून सर्व खरे सांगितले. काकू ऐकत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "म्हणजे काहीच येत नाही?"

"नाही, काकू."

"माझ्या वडिलांनी लग्नात ओटीत घातले होते. एकोणीसशे एकोणसाठ साल. त्या वर्षी त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हते." एवढे बोलून त्यांनी नाणे पदराने पुसले आणि परत देव्हाऱ्यात ठेवले. त्या दिवशी त्या जेवल्या थोडेच. त्यांना दुःख नाण्याचे नव्हते. कोणापुढे हात न पसरण्याचा त्यांचा एकच आधार आम्ही काढून घेतला होता, हे आमच्या उशिरा ध्यानात आले.

त्या रात्री आम्ही तिघे भाऊ ओसरीवर बसलो. वाटणीचा कागद पुढे होता. धाकट्याने तो बाजूस सारला आणि म्हणाला, "आधी फीचे ठरवा." सोयाबीनचे पैसे अद्याप समाईकच होते; त्यातून पहिला हप्ता भरला. पुढील हप्त्यांचे तीन समान भाग आम्ही कागदावर, सहीनिशी लिहिले. सकाळी धाकट्याने काकूंस ते वाचून दाखविले, तेव्हा त्या म्हणाल्या, "हे आधीच बोलला असता, तर मी देवाला कशाला उठवले असते?" ह्यावर आम्हांस उत्तर सुचले नाही, आजही सुचत नाही.

नाणी आम्ही विकली नाहीत, वाटलीही नाहीत. प्रत्येकास कागदाचा लहानसा लिफाफा करून त्यावर राज्य, साल, धातू, वजन आणि किंमत लिहिली. १९११ च्या रुपयावर 'घासलेला, चूक आमची' असा शेरा मारला. काकूंच्या नाण्यास लिफाफा नाही. ते देव्हाऱ्यात आहे. परंतु वहीत त्याची नोंद हवी म्हणून शेवटी एक ओळ घातली: 'क्रमांक एकेचाळीस. साल १८१८, खोटे. साल १९५९, खरे.' किंमतीचा रकाना आम्ही कोरा ठेवला आहे.